मिठाचा खड्डा

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोटार बसली ते साल 1970. मी तिसरीत होतो. त्याआधी विहिरीवर मोट होती, मग चार वर्षं ऑईल इंजिन होतं. इंजिनाचं हँडल मारताना ते उलटं फिरून एकदा आबांचा अंगठा मोडला होता, त्यामुळं मोटारीचं सगळ्यात जास्त कौतुक आबांनाच. "बटान दाबायचं आन् पानी. हाताला कायबी काम न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठापासून चार मैल आत. महाराष्ट्रात वीज काही तेव्हा नवी नव्हती. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज काढली ती 1915 सालची, पण ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. आमच्या जवळच किर्लोस्करवाडीला 1910 पासून कारखाना. नांगर तिथला, पंप तिथला. पण रानात वीज आली ती फार उशिरा. 1960 च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं, 1962 पासून कोयनेची वीज सुरू झाली. 1967 च्या डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची भिंत फाटली, आणि त्या भिंतीवर घरात वीज नसल्यानं अजून कंदीलच होता. 1969 ला दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं, खेड्यांच्या लाईनींना पैसा मिळू लागला आणि खांब रानात शिरले. लोकांनी या सगळ्याला मिळून एकच नाव ठेवलं, बोर्ड. बोर्डाचा खांब, बोर्डाचा माणूस, बोर्डाचं बिल. 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून बोर्डच म्हणतात.

मोटारीबरोबर ज्या वस्तू आल्या त्यातली मला आठवते ती किटकॅट. पांढऱ्या चिनी मातीची, दोन तुकड्यांची. एक तुकडा लाकडी फळीवर पक्का, दुसरा त्यात खटकन बसणारा, त्याला पितळेच्या दोन जिभा आणि त्या जिभांमध्ये केसाएवढी बारीक तार. तीन फेजच्या तीन किटकॅट. बसवायला आलेला वायरमन तासगावकडचा होता, बोलका होता. आबांनी त्याला विचारलं, एवढी जाड केबल आणली आणि मध्ये हा केस कशाला? तो म्हणाला, "ही तार मुद्दाम कच्ची ठिवत्यात. जादा करंट आला तर हिनं आधी जळायचं. हिनं जळायचं म्हंजी बाकीचं वाचतंय."

आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी बांधाला सांड ठिवतो तसं."

यापेक्षा सोपं फ्यूज मला नंतर कुणी सांगितलं नाही. ताल घालताना बांधाच्या एका बाजूला आपण सांड ठेवतो, दगडाची. पाऊस जास्त झाला तर पाणी तिथनं जातं, बांध फुटत नाही. सांड बुजवली तर दोन-तीन पाऊस बांध जास्त पाणी धरतो, मालकाला बरं वाटतं. चौथ्या पावसात बांध फुटतो, आणि तो कुठं फुटेल हे सांगता येत नाही.

ही युक्ती जुनी आहे. तारायंत्राच्या ऑफिसात विजेचा लोळ येऊ नये म्हणून मध्ये बारीक तार घालावी असं ब्रेगे नावाच्या फ्रेंच माणसानं 1847 मध्येच सुचवलं होतं. पुढं एडिसननं घरोघर दिवे दिले तेव्हा फ्यूजही त्याच व्यवस्थेत आला, त्याचं पेटंट 1890 चं. जर्मनीत 1924 साली ह्यूगो स्टोट्झनं परत वर करता येणारं बटण काढलं. आज आपण ज्याला एमसीबी म्हणतो ते हेच. म्हणजे आमच्याकडे किटकॅट आली तेव्हा जगात तिचा पुढचा भाऊ शेहेचाळीस वर्षांचा झाला होता. पण किटकॅट स्वस्त आणि तिला दुरुस्तीही नव्हती. तार जळली की नवी तार घालायची, झालं.

सगळी गोम इथंच होती. कुठली तार?

फ्यूजच्या तारेचं रीळ तालुक्याच्या दुकानात मिळायचं. कथील चढवलेली तांब्याची तार, अँपिअरप्रमाणे जाडी. रीळ संपलं की चार दिवस कोण जातंय तालुक्याला? रात्री अकराला फ्यूज उडाला आणि ऊस वाळत असला, तर हाताला लागेल ती तार घालायची. केबलचा एक पदर सोलून काढायचा. कुणी ॲल्युमिनियमची घातली, कुणी सायकलच्या ब्रेकच्या तारेतला धागा घातला. आमच्या भावकीतल्या एकानं तर खिळा बसवला होता आणि वर सांगायचा, "माझा फ्यूज कवाच उडत न्हाई." आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू.

स्टार्टरची गोष्ट त्याहून वेगळी. सुरुवातीचा आमचा स्टार्टर तेलातला होता, खाली तेलाची पेटी. नंतर हिरव्या-तांबड्या बटणाचा आला. त्याच्या आत दोन राखणदार. एक नो-व्होल्ट कॉइल. वीज गेली की ती सोडून देते, मोटार बंद होते, आणि वीज परत आली तरी माणसानं येऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. दुसरा ओव्हरलोड रिले. त्यात दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकीला चिकटवलेल्या असतात. तापल्या की एक जास्त वाढते, एक कमी, म्हणून जोडपट्टी वाकते आणि मोटार सोडवते. लोखंड तापलं की वाढतं हे आम्हाला शाळेत शिकवायची गरज नव्हती. चाकाला धाव बसवताना लोहार तेच करतो, तापवून वाढवतो, बसवून पाणी ओततो.

तीन फेजमधला एक फेज गेला तर मोटार घुंऽऽ असा आवाज काढते, उरलेल्या दोन फेजांतून दीडपट-पावणेदोनपट करंट ओढते आणि पाच-दहा मिनिटांत वायंडिंग जळतं. जळालेल्या वायंडिंगचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो सात जन्मात विसरणार नाही. रिलेनं त्यापासून वाचवायचं. पण रिलेला अँपिअरची चकती असते. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. व्होल्टेज कमी असलं की जास्त घेते, आणि आमच्याकडं व्होल्टेज पुरेसं असे ते फक्त दिवाळीच्या सुट्टीत, साखर कारखाना सुरू व्हायच्या आधी. रिले सारखा पडायचा. मग चकती फिरवून दहावर. पुढं बारावर. तरी पडला तर रिले डायरेक्ट.

आणि ती हिरव्या बटणाची कॉइल. वीज रात्रीची येऊ लागली तेव्हा तिची फजिती सुरू झाली. बारा वाजता वीज यायची, दोनला जायची, तीनला परत यायची. प्रत्येक वेळेला रानातनं, सापा-विंचवातनं जाऊन बटण कोण दाबणार? हिरव्या बटणात काडेपेटीची काडी खोचायची. काडी पडते म्हणून पुढं लाकडाची खुंटी, मग सुतळीनं आवळून बांधलेलं बटण. त्यानंतर बाजारातच 'ऑटो' मिळू लागला, वीज आली की आपोआप मोटार चालू करणारा. महावितरण अजून दरसाल सांगतं, ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा. त्यांचं बरोबरच आहे. शंभर मोटारी एका क्षणी उठल्या तर डीपी बसणारच. पण जो शेतकरी कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला चिखलातनं मोटारीकडं गेलाय, त्याला ऑटो वाईट आहे हे पटवणं सोपं नाही. मला स्वतःला ते पटायला जे झालं, ते ऑटोमुळं झालं नव्हतं, तरी त्याच जातीचं होतं.

1987 चा उन्हाळा वाईट होता. विहिरीत परसभर पाणी, मोटार दोन तास चालायची आणि पाणी तुटायचं. व्होल्टेज नाही, म्हणून फ्यूज सारखा उडायचा. मी पंचवीस वर्षांचा. आबा थकले होते, मळ्याचं सगळं माझ्याकडं आणि थोरल्या चुलत भावाकडं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, मला पोहायला, नांगर धरायला त्यांनीच शिकवलेलं. फ्यूजला वैतागून एक दिवस मी केबलच्या पदराची तार घेतली, दुहेरी केली आणि तिन्ही किटकॅटमध्ये घातली. अप्पा शेजारी बॅटरी धरून उभे होते. म्हणाले, "लई जाड घालतुयास का रं?" मी म्हणालो, "अप्पा, आता पाऊस पडंस्तोवर बघायचं न्हाई." ते हसले.

मोटार खरंच एकदाही थांबली नाही.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. अप्पा पाणी बघायला मळ्यात गेले. लाईट असून रात्रीपर्यंत जेवायला आले नाहीत म्हणून मी गेलो. मोटारीची खोली पत्र्याची, तिच्या दाराशी चिखल. अप्पा पत्र्याला टेकून बसल्यासारखे होते. मोटार चालू होती. पाटात पाणी चाललं होतं, उसाच्या सरीत शिरत होतं. मी हाक मारत जवळ गेलो आणि हात लावणार तेवढ्यात दंडाला मुंग्या आल्या, मी मागं पडलो. काठीनं मेन पाडायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मेन पाडल्यावर अप्पा आडवे झाले.

पिठाच्या गिरणीत भिंतीवर तो तक्ता असायचा, विजेचा धक्का बसलेल्या माणसाला श्वास कसा द्यायचा, चित्रांसहित. कायद्यानंच लावावा लागायचा. लहानपणापासून दळण घेऊन गेलो की मी तो बघायचो. त्या रात्री मला त्यातलं एक चित्र आठवलं नाही. आठवलं असतं तरी उशीर झाला होता असं डॉक्टर म्हणाले, पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

माणूस गेला की सरकारचे विद्युत निरीक्षक चौकशीला येतात. आले. शांत माणूस होता. केबल बघितली. खोलीच्या पत्र्यातनं ती आत येताना कडेला घासून सोलली होती, पावसानं ओली झाली होती, सगळा पत्रा आणि स्टार्टरची पेटी त्यामुळं जिवंत. किटकॅट काढून बघितली. माझ्या तारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "अर्थिंग कुठं आहे?"

मी दाखवलं. मोटारीपासून निघालेली जीआयची तार कोपऱ्यात जमिनीत गेली होती. त्यांनी ती ओढली. ती हातात आली. तिच्या टोकाला एक दगड बांधलेला, दीड हात खोल.

1956 च्या वीज नियमांत लिहिलेलं आहे की मोटारीच्या सांगाड्याला एक नाही, दोन स्वतंत्र अर्थिंग पाहिजेत. आमच्याकडं एक होतं आणि तेही दगडाचं. वायरमननं सतरा वर्षांपूर्वी आबांना सांगितलं होतं की आठ फूट खड्डा घ्या, पाईप उभा करा, कोळसा आणि मीठ थरांनी भरा, उन्हाळ्यात वरनं पाणी ओता. आबांनी हो म्हटलं होतं. मुरूम कठीण, उसाची लागण चालू, खड्डा राहिला. आणि मोटार तर चालतच होती! खड्डा नसल्यानं मोटारीचं काही अडत नाही. मला वाटतं सगळ्या राखणदारांत अर्थिंगचं नशीब सर्वांत वाईट, कारण ते नसलं तरी एकही दिवा विझत नाही.

अप्पांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मी तारेबद्दल कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. त्यांनी कधी विचारलं नाही. मळा आम्ही एकत्रच ठेवला, पोरं मोठी केली. पण किटकॅट हातात धरली की माझा हात कापायचा, आणि तो कापतोय हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून मी लाईटीचं काम दुसऱ्यावर टाकायला लागलो.

असं सतरा-अठरा वर्षं गेली. 2005 च्या सुमाराला लोडशेडिंग जोरात होतं, बारा-बारा तास. त्या दिवसांत आयटीआयमध्ये वायरमनकी शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्या शेजारच्या वस्तीवर राहायला आले. वीज नसल्यानं संध्याकाळी सगळेच अंगणात. एकदा बोलता बोलता मी त्यांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. ते काही समजूत घालायला गेले नाहीत. नातवाची पाटी मागून घेतली आणि कंदिलापाशी हिशेब मांडला.

"तुझ्या किटकॅटला बरोबर तार असती तर किती अँपिअरची?"

"पंधरा."

"पंधराची तार पंधराला जळत नाही. दीडपट-दुप्पट करंट थोडा वेळ गेला तर जळते. आता पत्र्यातनं जमिनीत किती करंट गेला असेल? व्होल्ट 230. तुझ्या दगडाच्या अर्थिंगचा ओहम धर तीस, डीपीकडची माती धरून. मुरूम आहे, खरं तर शंभर असेल. 230 ला तीसनं भाग."

साडेसात येतात, थोडे वर. शंभरनं भागलं तर दोन अँपिअर आणि काही.

"म्हणजे?"

मी गप्प. ते म्हणाले, "म्हणजे दुकानातली खरी तार असती तरी ती जळली नसती. तिला कळलंच नसतं की कुणी मरतंय."

मला ते पहिल्यांदा समजलं नाही. समजलं तेव्हा छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं, आणि लगेच मी विचारलं, "मग माझी चूक नव्हती म्हणता?"

"खड्डा चांगला असता, पाच ओहमचा, तर शेहेचाळीस अँपिअर गेले असते. तेव्हा पंधराची तार जळली असती. तुझी दुहेरी तार तेव्हाही जळली नसती." त्यांनी पाटी पुसली. "फ्यूज हा वायर वाचवायला असतो, मोटार वाचवायलासुद्धा नाही. माणूस वाचवायचं काम त्याला कुणी दिलेलंच नव्हतं. ते खड्ड्याचं काम. खड्डा आणि फ्यूज मिळून माणूस वाचतो, एकट्यानं कुणी नाही."

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. अठरा वर्षं मी चुकीच्या गोष्टीला दोष देत होतो, पण दोष काही कमी झाला नव्हता. तो फ्यूजमधून निघून खड्ड्यात गेला होता, आणि खड्ड्यात आबाही माझ्याबरोबर होते.

माणूस किती करंटला मरतो हे गुरुजींनीच सांगितलं. आपल्याकडं म्हणतात, करंटनं धरलं. करंट धरत नाही, आपला हातच आवळतो आणि उघडत नाही. अमेरिकेत चार्ल्स डालझील म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी स्वतःहून तयार झालेल्या माणसांवर मोजून काढलं. सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या पुढं पुरुषाला हात सोडवत नाही, बाईला साडेदहाच्या पुढं. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. तीसच्या पुढं काळजाला धोका. आणि आमचा फ्यूज पंधरा अँपिअरचा, म्हणजे पंधरा हजार मिलिअँपिअर. तीसच्या पाचशेपट. गव्हाच्या पोत्याच्या काट्यावर सोनं मोजायला बसलो होतो आम्ही.

सोन्यावरनं आठवलं, हे बारीक गळतीला पडणारं यंत्र पहिल्यांदा जिथं कामाला लागलं त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी होत्या, 1950 नंतरच्या दशकात. त्याच सुमाराला ऑस्ट्रियात त्याच्यावर काम झालं, डालझीलनी 1961 मध्ये अमेरिकेत आपलं काढलं. त्याची अक्कल साधी आहे. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला पाहिजे. पाटानं सोडलेलं पाणी आणि टोकाला पोचलेलं पाणी. मध्ये कमी पडलं तर कुठंतरी उंदराचं बीळ आहे, म्हणजे करंट जमिनीत किंवा माणसातनं चाललाय. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात बंद. त्याला चांगलं अर्थिंग नसलं तरी चालतं, दोन अँपिअर गळले तरी ते त्याच्या हिशेबानं पूर आहे. आपल्याकडच्या नियमांतही पुढं 61-अ घालून ते मोठ्या जोडण्यांना आलं. आमच्या भागात त्याला ईएलसीबी म्हणतात, आताचं नाव आरसीसीबी. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर मात्र तेही वाचवत नाही, त्याला वाटतं दिवा पेटलाय.

2006 मध्ये मी दोन गोष्टी केल्या. मोटारीपाशी दोन खड्डे घेतले, आठ-आठ फूट. मुरूम फोडायला तीन दिवस पहार चालली. पाईप, कोळसा, मीठ. मिठाची पोती बघून गावात विचारलं, लोणचं घालतोय का? वहिनी स्वतः येऊन खड्ड्याच्या काठाला बसल्या आणि थर पडताना बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. उठताना एक मूठ मीठ त्यांनी हातानं टाकलं. दुसरं, घराला ईएलसीबी बसवला. मळ्यावरही बसवून बघितला होता, पण सबमर्सिबलची केबल पाण्यात, जोडातनं थोडंफार गळतंच, तो सारखा पडायचा. जास्त मिलिअँपिअरचा आणून जोड नव्यानं केले तेव्हा टिकला. आमच्या शिवारात बाकीच्यांनी बसवला त्यातल्या बऱ्याच जणांनी आठ दिवसांत डायरेक्ट केला. ती हिरव्या बटणातली काडीच, दुसऱ्या रूपात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

पण यंत्र बसवलं म्हणजे ते आहे असंही नाही. किटकॅटमधली तार डोळ्याला दिसायची, जळाली की जळाली. हे डबीत बंद. आत स्प्रिंग, कडी, चुंबक. वर्षानुवर्षं हललं नाही तर बसतं, धूळ जाते, आमच्याकडं तांबड्या मुंग्या जातात. वरनं सगळं छान, आणि जेव्हा पडायचं तेव्हा पडत नाही. ब्रिटनमध्ये वीजसुरक्षेचं काम करणारी संस्था सांगते की ही यंत्रं शंभरात सत्त्याण्णव वेळा भरवशाची, आणि तपासत राहिलं तर आणखी. उरलेली तीन कुणाच्या घरात असतील? म्हणून त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. दाबलं की यंत्र स्वतःशीच खोटी गळती करून बघतं आणि पडतं. पडलं तर जिवंत. मात्र ते बटण फक्त डबीची परीक्षा घेतं, अर्थिंगची नाही. खड्ड्यात पाणी आपलं आपणच ओतायचं.

आम्ही ते बटण दर अमावस्येला दाबतो. शहाण्या माणसाला हसू येईल, पण तारीख विसरते, अमावस्या विसरत नाही. त्या दिवशी औताला सुट्टी असते, घरात नारळ फुटतो, आणि नारळ फोडला की नातू खुर्चीवर चढून बटण दाबतो. घर अंधारं होतं, तो ओरडतो, "पडला!" आणि परत वर करतो. खड्ड्यात दोन घागरी पाणी मी ओततो.

गेल्या वर्षी पौष अमावस्येला त्यानं बटण दाबलं आणि दिवे तसेच राहिले. त्याला वाटलं नीट दाबलं नाही. परत दाबलं. मी दाबलं. दिवे तसेच. सून स्वयंपाकघरातनं म्हणाली, "बरं झालं, भाकरी चालल्यात." मी मेन पाडला.

वायरमन पोरगा संध्याकाळी आला. उघडून बघितलं, आत मुंग्यांची माती. यंत्र कधी मेलं होतं कुणास ठाऊक. मागच्या अमावस्येनंतर कधीतरी. नवं तालुक्याला मिळणार, ते दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, "काका, रात्रीपुरतं डायरेक्ट करून देऊ का? एका रातीचा तर प्रश्न हाय."

मी म्हणालो, नको.

वहिनी आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्या रात्री त्यांनी माळ्यावरचा कंदील काढायला लावला. काच फुटलेली होती, तरी तो पेटवून त्यांनी उंबऱ्यात ठेवला आणि आम्ही सगळे त्याच्या उजेडात जेवलो. नातू विचारत होता, सगळ्या वाड्यात लाईट आहे, आपल्यालाच का नाही? वहिनी त्याला म्हणाल्या, "जेव गपगार. तुझ्या आजोबाला इचार, कवातरी सांगंल."